पगाराचा आकडा कमी आला तर

"करंट किती, एक्स्पेक्टेड किती, जॉइन कधी होऊ शकता?" पुण्याच्या किंवा संभाजीनगरच्या कंपनीतून येणारा पहिला फोन बहुधा या तीन प्रश्नांचा असतो आणि ते एका दमात विचारले जातात. फोन उचलणारा मुलगा त्या वेळी वसमतच्या बसस्टँडवर उभा असतो, नाहीतर सेनगावकडच्या शेतात फवारणी करत असतो. गडबडीत तो म्हणतो, "कंपनीच्या नियमाप्रमाणे काय असेल ते द्या सर." निम्मी बोलणी इथेच हरलेली असतात. पुढे रात्रभर ट्रॅव्हल्स, सकाळी मित्राच्या रूमवर बॅग टाकून अंघोळ, दिवसभर दोन-तीन राउंड आणि दुपारी चारच्या सुमारास समोरून येणारा आकडा मनातल्यापेक्षा पाच-सात हजारांनी कमी. बहुतेक जण मग एक तर मान डोलावतात किंवा तोंड पाडून उठतात. मान डोलावणाऱ्याला सहा महिन्यांनी पस्तावा होतो, उठणाऱ्याला परतीच्या गाडीत.

त्या चार वाजता काय बोलायचं हे पुढे येईलच. पण तेव्हा तोंडातून काय निघेल, हे आधीच्या आठवड्यात आपण काय केलं यावर ठरतं. म्हणून सुरुवात फोनपासूनच करू.

फोनवर पगाराचं विचारणं उद्धटपणाचं वाटतं, असं आपल्याकडे शिकवलं जातं. पुण्यात राहणाऱ्या उमेदवाराला तो संकोच परवडतो, कारण त्याचं फार तर रिक्षाचं भाडं जातं. हिंगोलीहून जाणाऱ्याचं दोन्हीकडचं भाडं, दोन दिवस आणि रोजंदारी किंवा रजा जाते. तेव्हा सरळ म्हणा, "सर, या पदासाठी कंपनीनं पगाराची रेंज ठरवली असेल. ती कळली तर मला येण्याचं नक्की करता येईल, मी हिंगोलीहून येणार आहे." शेवटचं वाक्य गाळू नका, त्यामुळे प्रश्नाला कारण मिळतं. "ते इंटरव्ह्यूनंतर बघू," असं उत्तर आलं तर निदान एवढं विचारा, "हातात पडणारा पगार वीस हजारांच्या वर आहे का, एवढं सांगितलंत तरी चालेल." माणसं रेंज सांगायला कचरतात, पण 'हो' किंवा 'नाही' सहज सांगून जातात.

तुमच्याकडूनच आकडा हवा असा हट्ट धरला, तर एक आकडा न देता पट्टा द्या. मात्र त्या पट्ट्याचं खालचं टोक तुम्हाला खरोखर चालणारं हवं. "वीस ते पंचवीस" म्हणालात की ऐकणाऱ्याच्या वहीत फक्त वीस लिहिलं जातं.

मागचा पगार फुगवून सांगायचा सल्ला देणारे मित्र पुष्कळ भेटतात. तो ऐकू नका. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक एकच असतो आणि पासबुकात दर महिन्याची वर्गणी दिसते. नव्या कंपनीनं पगाराच्या तीन स्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट मागितलं की फुगवलेला आकडा उघडा पडतो, आणि तोवर तुम्ही जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो. जुना पगार खरंच फार कमी असेल तर तोही सांगा आणि पुढे जोडा, "तो गावाकडच्या कामाचा होता, हे काम वेगळं आहे."

दोन आकडे घरीच ठरवून निघायचे. एक, मिळाला तर समाधान वाटेल असा. दुसरा, ज्याच्या खाली गेलं तर जायचंच नाही असा. हा दुसरा आकडा भावनेवर ठरवायचा नाही, वही घेऊन बसायचं. कॉट बेसिसचं भाडं किंवा रूमचा वाटा, मेस, कंपनीपर्यंतचा प्रवास, फोन. इथपर्यंत सगळे जण मांडतात. घरी पाठवायची रक्कम, एखादा हप्ता आणि सणाला गावी येण्याजाण्याचं भाडं मांडायचं राहून जातं. दिवाळीत ट्रॅव्हल्सचे दर कुठे जातात ते सांगायला नको. हे सगळं ज्याला विचाराल तो माणूस गेल्या वर्षभरात भोसरीला, चाकणला किंवा हिंजवडीला राहायला गेलेला असावा. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या दाजींच्या अंदाजावर विसंबू नका, ते अजून त्यांच्या वेळचीच रूम धरून बोलत असतात.

बाजारभावही असाच माणसांना विचारून कळतो. मात्र "तुला किती पगार आहे?" असं विचारलं की उत्तर फुगवलेलं तरी येतं किंवा टाळलेलं. त्याऐवजी विचारा, "तुमच्याकडे आयटीआय झालेल्या नव्या पोराला हातात किती पडतात?" दुसऱ्याच्या पगाराबद्दल लोक खरं बोलतात. जिल्ह्यात रोजगार मेळावा भरला तर नोकरी नको असली तरी जाऊन या. एकाच कामाला चार स्टॉलवर चार आकडे ऐकू येतील आणि त्यातून पट्टा कळेल.

आता चार वाजताच्या क्षणाकडे येऊ. हिंगोलीच्या माणसाला सौदा शिकवायची गरज नसते. संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतला हळदीचं बीट सुरू असतं तेव्हा पहिली बोली कमी आली म्हणून कुणी शेतकरी अपमान वाटून घेत नाही. पण ज्याला आजच खताची उधारी मिटवायची आहे तो मिळेल त्या भावाला माल सोडतो, आणि ज्याला थांबता येतं तो पोती परत नेतो किंवा वखारीत ठेवतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना याचसाठी आहे. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजानं कर्ज उचलायचं आणि भावाची वाट बघायची. हळदही त्यात बसते. दोघांची हळद सारखीच असते, फक्त एकाला थांबता येतं.

मुलाखतीत 'नाही' म्हणण्याची ताकद अशीच बाहेरून येते. हातात चालू नोकरी आहे का? पुढच्या आठवड्यात दुसरी मुलाखत आहे का? तीन महिने घरचं भागेल एवढी सोय आहे का? यातलं एक जरी असेल तर आवाज आपोआप स्थिर राहतो. म्हणून एकाच मुलाखतीसाठी पुण्याला जाऊ नका, त्याच दोन दिवसांत आणखी एक-दोन जुळवा. आणि यातलं काहीच नसेल तर तेही स्वतःशी मान्य करा. थांबायची सोय नसलेल्यानं मागू नये असं नाही. त्यानं धमकी देऊ नये, एवढंच.

कमी वाटणारा आकडा खरोखर किती आहे, हे आधी उलगडून घ्यावं लागतं. समजा, एचआर म्हणाले, "पॅकेज तीन लाख साठ हजार." तुम्ही बारानं भागून तीस हजार काढले आणि घरी फोनही केला. त्या तीस हजारांत काय काय असू शकतं ते बघा. तीन हजार 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरी बघून वर्षाच्या शेवटी मिळतील किंवा मिळणार नाहीत. मूळ पगार पंधरा हजार धरला तर कंपनीची पीएफ वर्गणी १२ टक्क्यांनी १,८०० रुपये. त्यातले १,२५० तुमच्या पेन्शन योजनेत जातात. ग्रॅच्युइटीची तरतूद ७२० रुपये. विम्याचा हप्ता ४८० धरू. एवढं वजा जाता दरमहा स्लिपवर येतात २४ हजार. त्यातून तुमची स्वतःची पीएफ वर्गणी पुन्हा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये. हातात पडले २२ हजार. महाराष्ट्रात महिलांना महिन्याच्या २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्याच जागी मुलगी असेल तर तिच्या हातात २२,२००.

तीसचे बावीस झाले. यात कुणी फसवलेलं नाही, पण तुम्ही विचारलंही नव्हतं. पीएफ हे तुमचेच पैसे आहेत, त्याबद्दल कुरकुर करू नका. ग्रॅच्युइटीचं मात्र लक्षात ठेवा. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं पूर्ण केल्यावर मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलायचा विचार असेल तर पॅकेजमधले ते ७२० रुपये तुमच्या दृष्टीनं नाहीतच. मुदतबंद करारावर घेत असतील तर नव्या श्रमसंहितेत एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे, हे त्यांना ठाऊक नसेल तर तुम्हाला ठाऊक असू द्या. आणि व्हेरिएबलबद्दल एकच प्रश्न विचारा, "गेल्या वर्षी या पदावरच्या माणसाला यातले किती मिळाले?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर ते तीन हजार हिशेबातून काढून टाका.

उलटही होतं. एकवीस हजारांच्या आतला पगार कमी वाटतो, पण तिथे ईएसआयसी लागू असेल तर तुमच्याकडून पाऊण टक्का कापून तुमच्यासकट घरच्या अवलंबून असलेल्या माणसांना उपचाराचा हक्क मिळतो. कंपनीची बस, दुपारचं जेवण, राहायची खोली या गोष्टी महिन्याला किती वाचवतात ते मांडलं, तर अठरा हजारांची एक नोकरी बावीस हजारांच्या दुसरीपेक्षा जड भरू शकते.

म्हणून आकडा ऐकल्यावर पहिलं वाक्य नाराजीचं नको, चौकशीचं हवं. "काम मला आवडलं आहे. हा आकडा हातात पडणारा आहे की सीटीसी, म्हणजे पूर्ण पॅकेज?" उत्तर ऐका, कागदावर मांडा, घाई करू नका. तरीही कमीच असेल तर, "माझ्या अंदाजापेक्षा हे कमी आहे. यात वाढायला किती जागा आहे?" एवढं बोलून गप्प बसा. गप्प बसणं आपल्या मुलांना सगळ्यात जड जातं. दोन सेकंद शांतता झाली की ती स्वतःच म्हणतात, "नाही म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं." ते वाक्य गिळा. समोरच्याला विचार करायला वेळ द्या.

मग तुमचा आकडा सांगा आणि त्याला कामातलंच कारण जोडा. वडिलांचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, पडलेला पाऊस ही कारणं खरी असतात, पण त्यांनी फार तर सहानुभूती मिळते, पगार वाढत नाही. अकाउंटंट असाल तर सांगा, "टॅलीसोबत जीएसटीची रिटर्न मी स्वतः भरतो, तुम्हाला बाहेर द्यावी लागणार नाहीत." बियाणं-औषधं विकणाऱ्या कंपनीत जात असाल तर, "कळमनुरी आणि सेनगावकडचे कृषी सेवा केंद्रवाले मला नावानं ओळखतात. पहिल्या महिन्यापासून ऑर्डर आणता येतील." आयटीआयचा फिटर असाल तर कुठलं मशीन उघडून जोडलं ते सांगा. आकडा मोघम नको. "थोडं वाढवा" म्हणणाऱ्याला थोडंच वाढवून मिळतं.

यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. "विचारून सांगतो" म्हणजे जागा आहे. "या पदाला आमच्याकडे एवढंच" असं शांतपणे आणि कारण देऊन सांगितलं तर बहुधा खरंच तेवढंच असतं, कारण शेजारच्या टेबलावरच्याला तोच पगार चालू असतो आणि तुम्हाला जास्त दिला तर त्यांची पंचाईत होते. "बाहेर दहा जण बसलेत" असं म्हणणाऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. पगार कमी आहे हे एक झालं, पण तुमच्याशी पुढे कसं बोललं जाणार आहे तेही त्यानं आत्ताच सांगून टाकलं. अशा ठिकाणी मी तरी दोन हजार जास्त मिळाले तरी जाऊ नका असंच म्हणेन.

पगाराला खरंच जागा नसेल तर इतर गोष्टींना असते. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करू हे तोंडी नको, ऑफर लेटरात किंवा निदान ईमेलमध्ये मागा. पहिल्या महिन्याची राहायची सोय मागा. रविवार पक्का मागा. घरी हळद असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी आणि शिजवणीच्या वेळी आठ दिवसांची रजा आधीच बोलून ठेवा. घरच्यांना ती पाचशे रुपयांच्या वाढीपेक्षा जास्त उपयोगी पडते, आणि नंतर ऐनवेळी मागितली तर मिळत नाही.

तिथल्या तिथे होकार देण्याची सक्ती नसते. "उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो," म्हणा आणि खरोखरच कळवा. ते म्हणाले, "आत्ताच सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो," तर तुमचा दुसरा आकडा, घरी वहीत लिहिलेला, तेवढ्यासाठीच होता. त्याच्या वर असेल तर घ्या, खाली असेल तर उठा. केबिनबाहेर येऊन घरी फोन लावू नका. तिथून आई म्हणणार, "हातचं सोडू नको." तिची काळजी खरी आहे, पण पुण्याच्या मेसचं बिल तिला माहीत नाही.

गावातल्या नोकरीचं गणित वेगळं

वर सांगितलेलं सगळं एचआर असलेल्या कंपनीला लागू पडतं. हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला नोकरी देणारा बहुधा मालकच असतो. दवाखान्याचे डॉक्टर, पतसंस्थेचे चेअरमन, शाळेचे संस्थाचालक, हळदीच्या कारखान्याचे शेठ. मुलाखत पंधरा मिनिटांची, त्यातली दहा "तुम्ही कोणत्या गावचे, पाटील तुमचे कोण?" यात जातात. आणि मध्ये ओळखीचा माणूस असतो. मामांनी शब्द टाकलेला असतो, त्यामुळे पगाराचं बोललं तर मामांचा मान जाईल या भीतीनं मुलगा गप्प बसतो आणि बारा हजारांवर तीन वर्षं काढतो.

हे टाळायचं असेल तर मुलाखतीच्या आधी मामांकडे जा. "मामा, तुम्ही बोललात म्हणून साहेबांनी बोलावलं. पगाराचं मी स्वतः बोललो तर चालेल ना? तुम्हाला मध्ये अवघडल्यासारखं व्हायला नको." नव्वद टक्के मामा म्हणतील, "बोल की!" वर हेही सांगतील की आधीच्या पोराला तिथे किती मिळत होते. हवा असलेला आकडा असा घरबसल्या मिळतो. आणि मामा म्हणालेच, "आधी लाग, मग बघू," तर निदान एवढं त्यांच्याकडूनच वदवून घ्या की तीन महिन्यांनी वाढीचं ते स्वतः बोलतील.

पगार ठरवताना मालक कधी सरकारी आकडा पुढे करतात. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिच्यात बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार मिळू लागले. "सरकारच एवढं देतं," असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की ते प्रशिक्षणाचं विद्यावेतन होतं, पगार नव्हता. पगाराला तळ असतो तो किमान वेतनाचा. तुमच्या कामाचं आणि तुमच्या भागाचं चालू किमान वेतन किती हे सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारता येतं. त्यापेक्षा कमी पगारावर तुम्ही राजीखुशीनं सही केलीत तरी त्या सहीला कायद्यात किंमत नाही.

शाळांबद्दल थोडं जास्त. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत शिक्षण सेवकाचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मुलाखतीला जाताना हे तीन आकडे तुलनेसाठी जवळ ठेवा. तिथे प्रश्न पगारापुरता नसतो. सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा, असा प्रकार कानावर येत असतो. तसं सुचवलं गेलं तर तिथेच विचारा, "पगार पूर्ण बँकेत जमा होईल ना?" कागदावर जास्त पगार दिसला की उद्या शिष्यवृत्तीला, उत्पन्नाच्या दाखल्याला तोच आकडा आडवा येतो, आणि कमी मिळाल्याचा पुरावा तुमच्याजवळ नसतो.

फिरतीच्या नोकरीत, म्हणजे मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला किंवा बियाणं कंपनीचा फिल्ड ऑफिसर असाल, तर पगाराआधी पेट्रोलचं विचारा. महिन्याला दोन हजार किलोमीटर गाडी फिरली आणि लिटरला पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी चव्वेचाळीस लिटर पेट्रोल लागतं. शंभरीपार दरानं ते साडेचार हजारांच्या घरात जातं. टायर, सर्व्हिसिंग वेगळं. "पेट्रोल पगारातच धरलंय," असं म्हणणाऱ्या कंपनीचे अठरा हजार खरे तेरा हजार असतात. किलोमीटरला किती, मर्यादा किती आणि बिल कोणत्या तारखेला मिळतं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

मुलींनी हे जास्तच मनावर घ्यावं असं मला वाटतं. लिंडा बॅबकॉक या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या पगारांचा अभ्यास केला. मुलग्यांपैकी ५७ टक्क्यांनी पगार वाढवून मागितला होता आणि मुलींपैकी फक्त ७ टक्क्यांनी. ज्यांनी मागितलं त्यांना सरासरी सात टक्क्यांहून जास्त वाढवून मिळालं होतं. पुढच्या संशोधनात त्यांना दुसरीही बाजू दिसली. मागणाऱ्या बाईबद्दल समोरच्याचं मत, मागणाऱ्या पुरुषापेक्षा जास्त कलुषित होतं. आपल्याकडे वेगळं काय असणार? कळमनुरीच्या मुलीला तर आकड्याआधीच विचारलं जातं, "लग्न झालं की सोडून जाणार का?" त्या प्रश्नाला लाजून हसू नका आणि चिडूही नका. "मी किमान दोन वर्षं काम करायच्या तयारीनं आले आहे. पगाराबद्दल बोलूया का?" आणि "मुलींना एवढा पुरे, घर चालवायचं नसतं" असं कुणी बोललंच, तर एकाच कामासाठी बाई-पुरुष असा पगारात भेद करायला कायद्यानं मनाई आहे, हे लक्षात असू द्या. सोबत भाऊ किंवा वडील आले असतील तर त्यांनी बाहेर थांबावं. पगाराचं त्यांनी बोलू नये.

सरकारी कंत्राटी जागेला हे काहीच लागू पडत नाही. आरोग्य अभियानातली जागा असो की एखाद्या प्रकल्पावरची, मानधन जाहिरातीत छापलेलं असतं, तिथे घासाघीस नसते. तिथे विचारायचं ते एवढंच की नेमणूक थेट कार्यालयाची आहे की एजन्सीमार्फत, आणि पीएफ कापून भरला जातो का. औंढ्याजवळ लिगो-इंडियाच्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपये मंजूर केल्यापासून परिसरातल्या मुलांच्या आशा वाढल्या आहेत. तिथल्या कामासाठी एखाद्या ठेकेदाराकडून बोलावणं आलं, तरी हाच प्रश्न पहिला विचारा. नाव मोठ्या प्रकल्पाचं असलं तरी पगार ठेकेदार देणार असतो.

होकार द्यायचा तर कागदावर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चारही श्रमसंहिता लागू केल्या. त्यांनुसार नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा आणि नोकरी सोडल्यावर उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. गावातल्या मालकाला कायदा वाचून दाखवायला जाऊ नका, पहिल्याच दिवशी वाकडं येईल. "साहेब, बँकेत खातं उघडायला ऑर्डरची कॉपी लागेल," एवढं म्हटलं की काम होतं. ते पत्र मिळेपर्यंत निदान व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकून ठेवा, "आज ठरल्याप्रमाणे अमुक पगारावर अमुक तारखेला रुजू होतो." त्यावर आलेला अंगठासुद्धा उद्या कामाला येतो.

बाँड लिहून मागितला तर वाचल्याशिवाय सही नको. 'बाँड कोर्टात टिकत नाही' ही गावोगावची समजूत अर्धवट आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षं नोकरीची अट आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचं कलम वैध ठरवलं. कमी पगार आणि वर बाँड, असं दोन्ही एकदम स्वीकारायचं असेल तर त्या बदल्यात तुम्हाला काय शिकायला मिळणार आहे ते लिहून घ्या. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा आणि 'ट्रेनिंगचं डिपॉझिट' मागणारा, या दोघांना पगार कितीही मोठा सांगितला तरी नाही म्हणा.

नकार द्यायचा तरी नीट द्या. न कळवता फोन बंद करून बसणं ही आपल्या मुलांची फार वाईट खोड आहे, तिच्यामुळे मागून येणाऱ्या हिंगोलीच्या मुलाकडे संशयानं बघितलं जातं. "तुमच्या वेळेबद्दल आभार. या पगारावर मला शहरात राहणं जमणार नाही. पुढे जास्त बजेट असलेली जागा निघाली तर जरूर कळवा." एवढा मेसेज पुरतो. निवडलेला दुसरा उमेदवार आलाच नाही तर महिन्याभरात परत फोन येऊ शकतो, आणि तेव्हा आकडा वाढलेला असतो.

रुजू झालात तर पहिल्या पगाराची स्लिप ऑफर लेटरशेजारी ठेवून ओळीनं तपासा. दोन महिने झाले की उमंग ॲपवर यूएएन टाकून पीएफचं पासबुक उघडा. स्लिपवर १,८०० कापलेले दिसतात आणि पासबुकात काहीच नाही, असं आढळलं तर आधी ऑफिसात विचारा. "पुढच्या महिन्यात भरू" हे दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं की भविष्य निर्वाह निधीच्या तक्रार पोर्टलवर यूएएन घालून तक्रार नोंदवा आणि स्लिपचे फोटो जोडा.